आपण राहतो ती जमीन कुणाची होती, हे मुलांना कोणी सांगायचं?

मीरा_यारा
नमस्कार मंडळी,

मेलबर्नला येऊन मला अकरा वर्षं झाली. मुलगा पाचवीत आहे. मागच्या आठवड्यात तो शाळेतून एक काम घेऊन आला: तुमचं घर ज्या जमिनीवर उभं आहे तिची गोष्ट घरच्यांना विचारून एक पान लिहा. त्याने मला विचारलं आणि मला काही सांगता येईना. शनिवारवाड्याचा इतिहास मी झोपेतसुद्धा सांगेन, पण ज्या अंगणात कढीपत्ता लावलाय त्याबद्दल एक वाक्य नाही! शाळेत दर सोमवारी सगळी मुलं 'आम्ही वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर जमलो आहोत' असं म्हणतात. तेवढंच माहीत.

मग वाचायला बसले. जून १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या माणसाने इथल्या वडीलधाऱ्यांशी 'करार' केला. घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, कात्र्या, पीठ असं देऊन सुमारे सहा लाख एकर जमीन घेतली म्हणे. दोनच महिन्यांत गव्हर्नर बर्कने तो करार रद्द केला. रद्द केला तो मूळच्या लोकांच्या भल्यासाठी असेल असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. जमीन ब्रिटिश राजाचीच आहे, मग ती विकणारे हे कोण, असा त्याचा मुद्दा होता. ती जमीन कुणाचीच नव्हती ही कायद्यातली समजूत मोडायला १९९२ चा इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा माबो निकाल यावा लागला.

त्या करारावेळी एक अकरा वर्षांचा मुलगा तिथे हजर होता असं सांगतात. तो पुढे विल्यम बॅरक म्हणून वुरुंजेरींचा नेता झाला. स्वॉन्स्टन रस्त्याच्या टोकाला एक उंच इमारत आहे, तिच्या पांढऱ्या बाल्कन्या लांबून पाहिल्या की त्यांतून एक चेहरा दिसतो. तो बॅरकचा. मी त्या रस्त्याने कित्येक वर्षं ट्रामने जाते. मला फक्त बाल्कन्या दिसत होत्या.

तर प्रश्न असा. या देशातले मूळचे लोक आता स्वतः इतिहासकार होऊन, आयोगापुढे साक्षी देऊन जे सांगताहेत, ते दहा-अकरा वर्षांच्या मुलाला किती सांगावं? आणि आपण, बाहेरून आलेल्यांनी, ते सांगावं का? तुमचे अनुभव लिहा.

पांथस्थ_७
वाचनखूण साठवली. वाचतोय.

तर्कट
मीराताई, विषय चांगला आहे, पण एक शंका मांडतो. घराण्यात चालत आलेल्या आठवणींना इतिहास म्हणायचं का? आपल्याकडेही प्रत्येक गावात 'इथे महाराजांनी घोडं बांधलं' असं झाड असतं. कागद हवा. माझी सहानुभूती पूर्ण आहे, पण सहानुभूती हा पुरावा नव्हे. मुलाला जे कागदावर आहे ते सांगा.

जुनी_वही
तर्कट, तुमची शंका प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर लिहिते. मी ग्रंथालयात काम करते, कागद हेच माझं पोट आहे.

आधी कागद कसा तयार होतो ते पाहू. १० जून १८३८, न्यू साउथ वेल्समधली मायल क्रीक वस्ती. गुरं राखणाऱ्या हत्यारबंद लोकांनी विररायाराय समाजाची किमान २८ माणसं, त्यात बहुतेक बायका, मुलं, म्हातारे, बांधून नेऊन मारली. हे होताना यिंतायिंतिन नावाचा एक मूळचा, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल माणूस वस्तीवर होता. खटला उभा राहिला, पण त्याची साक्ष कोर्टात घेता आली नाही. तो ख्रिस्ती नाही, म्हणजे शपथ घेऊ शकत नाही, म्हणजे साक्षीदार होऊ शकत नाही. पहिल्या खटल्यात अकराही जण सुटले. दुसऱ्यांदा सातांना शिक्षा झाली आणि ते फासावर गेले, कारण जॉर्ज अँडरसन हा गोरा नोकर खरं बोलला. तो गप्प बसला असता तर आज तुम्ही म्हणाला असता, कागद कुठे आहे?

म्हणजे कागद नसणं ही त्या कायद्याची करणी आहे. त्याचं ओझं ज्यांचं तोंड कायद्याने बंद केलं त्यांच्या नातवंडांवर टाकायचं हे मला पटत नाही.

आता दुसरी गोष्ट, ती मीरासाठी आहे, कारण ती तुझ्या घरापासून तासाभरावर घडली. हील्सव्हिलजवळ कोरँडर्क नावाची वस्ती होती. १८६३ मध्ये कुलिन लोकांनी, म्हणजे वुरुंजेरी आणि त्यांच्या शेजारच्या समाजांनी, ती उभी केली. रान साफ केलं, घरं बांधली, हॉप्सचं पीक काढलं, आणि १८८१ च्या मेलबर्न प्रदर्शनात त्या हॉप्सना पहिलं बक्षीस मिळालं. जमीन सोन्यासारखी झाल्यावर सरकारी मंडळाला ती विकायची होती. बॅरक आणि त्याचे लोक अर्ज लिहीत राहिले, साठेक किलोमीटर चालत मेलबर्नला येऊन मंत्र्यांना भेटत राहिले. शेवटी १८८१ मध्ये संसदेने चौकशी बसवली, आणि तिच्यात तिथल्या स्त्री-पुरुषांनी स्वतः साक्षी दिल्या. शब्दन् शब्द लिहून ठेवलाय. अन्न कमी मिळतं, मजुरी मिळत नाही, आम्हाला आमचं आम्ही चालवू द्या.

हा कागद आहे, तर्कट. तो असून काय झालं? १८८६ चा कायदा आला, आणि मिश्र रक्ताच्या पस्तिशीच्या आतल्या लोकांना वस्तीबाहेर काढलं. काम करणारे हातच गेले. १९२४ मध्ये वस्ती बंद.

पुरावा होता, साक्ष होती, सही होती. ऐकणारा नव्हता.

मीरा_यारा
जुनी_वही, मी हे वाचून दहा मिनिटं काही लिहू शकले नाही. यातलं काहीच माहीत नव्हतं. हील्सव्हिलला आम्ही स्ट्रॉबेऱ्या तोडायला जातो.

भाकरतुकडा
चालत जाऊन मंत्र्याला अर्ज देणं... आपल्याकडच्या आदिवासी मोर्चांची आठवण झाली. नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या बायकांचे फुटलेले तळवे मी २०१८ मध्ये डोळ्यांनी पाहिलेत.

सिडनीकर_मंदार
माझा अनुभव सांगतो. मी मॅक्वारीच्या नावाच्या रस्त्यावरच्या कचेरीत काम केलं, त्याच्याच नावाच्या विद्यापीठात बायको शिकली. लॅकलन मॅक्वारी, न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर. पुतळाही आहे. एकदा एका अ‍ॅबोरिजिनल मार्गदर्शक बाईंबरोबर पायी सहल केली, तेव्हा त्यांनी अ‍ॅपिनची गोष्ट सांगितली. एप्रिल १८१६, मॅक्वारीच्या हुकमाने सैनिक निघाले, रात्री धरावल लोकांच्या तळावर हल्ला, किमान चौदा मेले, काही कड्यावरून कोसळून. मारलेल्यांची प्रेतं झाडांना टांगा म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल, असं गव्हर्नरच्या आदेशातच होतं. हाही कागदच, तर्कट.

आणि आता आपला धागा. हा मॅक्वारी आधी कुठे होता? मुंबईत. सैन्यात. १७९२ आणि १७९९ अशा दोन्ही वेळा श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत. त्याची पहिली बायको जेन, तिच्याशी लग्न मुंबईत झालं, ती वारल्यावर तिला पुरलंही मुंबईत. म्हणजे एकच माणूस आधी आपल्याकडे, मग तिकडे. 'हा त्यांचा इतिहास, आपला काय संबंध' असं मला तेव्हापासून म्हणता येत नाही.

गिरगावची_सुमा
मंदार, काय सांगतोस! मुंबईत राहून गेला आणि आम्हा गिरगावकरांना पत्ता नाही? आता भाचा सिडनीहून आला की आधी हेच विचारते त्याला. तो बिचारा चकल्या मागायला येतो.

तर्कट
जुनी_वही, मायल क्रीकचा मुद्दा मान्य. साक्षच बेकायदा ठरवली तर कागद कुठून येणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तरी एक बाजू राहते. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाने मूळच्या लोकांच्या साक्षी ऐकायला नेमलेल्या यूरूक आयोगाचा अंतिम अहवाल २०२५ च्या जुलैत आला, शंभर शिफारशींसह. पण पाचपैकी तीन आयुक्तांनी मुख्य निष्कर्षांच्या समावेशाला मान्यता दिली नव्हती. मग आतल्यांतच एकमत नसेल तर बाहेरच्याने काय मानायचं?

निलगिरी
तर्कट, मतभेद लपवले असते तर ते संशयास्पद नसतं का? आयोगाने ते अहवालातच छापले. इतिहासकार असेच वागतात.

यूरूक या शब्दाचा अर्थच 'सत्य', वेंबा वेंबा भाषेत. अध्यक्षा एलिनॉर बर्क स्वतः वर्गाया आणि वांबा वांबा समाजाच्या ज्येष्ठ. आयुक्तांपैकी ट्रॅव्हिस लव्हेट हे गुंडिचमारा, ते पोर्टलंडहून मेलबर्नच्या संसदेपर्यंत चालत आले, पाचशेच्या आसपास किलोमीटर. बॅरकचीच रीत! पोर्टलंडच का? कारण व्हिक्टोरियातली गोऱ्यांची पहिली कायमची वसाहत १८३४ मध्ये तिथे झाली, आणि त्याच किनाऱ्यावर कन्व्हिन्सिंग ग्राउंड नावाची जागा आहे. वाळूत अडकलेल्या व्हेलवरून तंटा झाला आणि व्हेल मारणाऱ्यांनी गुंडिचमारांचा जवळजवळ अख्खा एक कूळगट संपवला, असं तिथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. अभ्यासकांत त्यावर अजून वाद आहे, तारखेवरून तर फारच. पण त्या जागेचं ते नाव मात्र गोऱ्यांच्याच लिखाणात जपलं गेलंय.

मीराने मूळच्या लोकांतल्या इतिहासकारांचा उल्लेख केला. ते वेगळं काय करतात? मला जॉन मेनार्ड हे उत्तर वाटतं. वोरिमी समाजाचे, न्यूकॅसल विद्यापीठातले. वडील घोडेस्वार, जॉकी. आजोबा फ्रेड मेनार्ड सिडनीच्या गोदीत कामाला. घरात आजोबांबद्दल थोडं थोडं बोललं जायचं. नातवाने पोलिसांच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रं, पत्रं शोधली आणि निघालं काय, तर आजोबांनी १९२४ मध्ये अ‍ॅबोरिजिनल लोकांची राजकीय संघटना उभी केली होती. प्रत्येक कुटुंबाला जमीन द्या, मुलं पळवणं थांबवा, मूळच्या लोकांवर ताबा ठेवणारं सरकारी 'संरक्षण मंडळ' बरखास्त करा, अशा मागण्या. गोदीत जगभरचे काळे खलाशी यायचे, त्यांच्याकडून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्कस गार्वीचे विचार आले. तोवर सगळे समजत होते की यांची संघटित चळवळ १९३० च्या दशकात सुरू झाली, तीही गोऱ्या हितचिंतकांच्या आधाराने.

सरकारी कागदात फ्रेड मेनार्ड म्हणजे उपद्रवी माणूस. तोच कागद नातवाने वाचला, आणि उपद्रव कुणाला, कशाचा, असा प्रश्न त्या कागदाला विचारला. कागद बदलला नाही. वाचणारा बदलला.

कोरडवाहू
ब्रिस्बेनहून. सगळ्यांना राग येईल पण मनापासून लिहितो. माझे आजोबा विदर्भात कोरडवाहू शेतकरी. इंग्रजांनी आम्हालाही लुटलं. मी इथे शिकून, मेहनतीने आलो, कर भरतो. मी कुणाची जमीन घेतली? १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात संसदेसमोर मूळच्या लोकांचा कायमचा 'आवाज', म्हणजे सल्लागार मंडळ, असावा की नाही हे विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं. साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. सगळे वंशद्वेषी नव्हते. मला वाटलं, माणसामाणसांत फरक करणारी तरतूद घटनेत नको.

भाकरतुकडा
राखीव मतदारसंघ असलेल्या देशातून आलेल्या माणसाने हे म्हणावं याचं मला खरंच वाईट वाटलं, कोरडवाहू.

मीरा_यारा
भाकरतुकडा, जरा थांबा. त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय.

कोरडवाहू दादा, माझं पहिलं मत तुमच्यासारखंच होतं. 'मी घेतली नाही.' बरोबर, आपण घेतली नाही. पण माझ्या घराच्या खरेदीखताच्या मागे मागे जात राहिलं की सुरुवातीला एक अशी नोंद येते, जिच्याआधी काहीच नाही. सातबाऱ्यावर एकदम मधूनच नाव सुरू व्हावं तसं. तुमच्या आजोबांनी असा सातबारा खरा मानला असता का?

कोरडवाहू
...हे मात्र लागलं. आजोबांनी एका चुकीच्या फेरफारापायी नऊ वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या.

मत दिलं ते दिलं. पण आमच्या क्वीन्सलंडमध्ये सत्यकथनाची चौकशी २०२४ च्या जुलैत सुरू झाली आणि सरकार बदलताच काही महिन्यांत गुंडाळली. साक्ष द्यायला तयार झालेल्या म्हाताऱ्या माणसांना मधेच घरी पाठवलं. ते मलाही आवडलं नव्हतं. ऐकून तरी घ्यायला हवं होतं.

खाडीवाला
अवांतर: गुंडिचमारांचं नाव निघालंय म्हणून. बुज बिम इथे त्यांनी लाव्हाच्या दगडांत कालवे आणि बांध रचून वाम माशांची शेती केली होती, साडेसहा हजार वर्षांपूर्वीपासून. २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. ज्यांना 'शेती न करणारे भटके' म्हणून जमीन नाकारली त्यांची ही गोष्ट! मी कोकणातला, ओहोळाला दगडी बांध घालून पाणी वळवताना वडिलांना पाहिलंय. पावसाच्या अंदाजाने एकेक दगड कुठे ठेवायचा हे कळायला आयुष्य जातं. ते पाहिलेल्या माणसाला हे बांध समजायला पुस्तक लागत नाही.

सेटलमेंटचा_नातू
मी इथे फक्त वाचतो. आज पहिल्यांदा लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, कैकाडी समाजाचा. आमच्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ पासून तो मुंबई इलाख्यात आला. जन्मालाच गुन्हेगार. तारेच्या कुंपणाच्या आत ठेवायचे, गिरणीत कामाला पाठवायचे, हजेरी घ्यायची, बाहेर जायला पास. माझी आजी आत जन्मली, माझी आत्याही आत जन्मली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, आम्ही त्याला विमुक्त दिन म्हणतो. पुढे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर तीच राहिली.

जुनी_वही यांनी कोरँडर्कचं लिहिलं ते वाचून मी शोधलं. व्हिक्टोरियाचा तसला कायदा १८६९ चा. कुठे राहायचं, कुठे काम करायचं, मुलं कुणाकडे ठेवायची, सगळं सरकार ठरवणार. आमचा १८७१ चा. दोन वर्षांचं अंतर. समुद्रापलीकडे आमच्यासारखेच लोक होते हे मला चव्वेचाळीसाव्या वर्षी कळलं.

मी शाळेत असताना मास्तरांनी इतिहासात इंग्रजांचे कायदे शिकवले. आमचा कायदा पुस्तकात नव्हता. अर्ध्या वर्गाच्या घरी त्याचे चटके होते आणि कुणी काही बोललं नाही. घरी आजीला विचारलं तर ती म्हणायची, शिक, ते उकरू नको. ती टोपल्या विणायची आणि पोलिसाची शिट्टी ऐकली की अजून उभी राहायची. १९९० च्या पुढची गोष्ट आहे ही.

तर्कट साहेब, कागद पाहिजे म्हणालात. मी एका सरकारी कार्यालयात हजेरीची जुनी रजिस्टरं मागायला गेलो होतो. आडनाव विचारलं, मग कशाला पाहिजे विचारलं, मग नंतर या म्हणाले. चार वेळा गेलो. तिथल्या एका शिपायाने सांगितलं, पावसात भिजलेले गठ्ठे कधीच रद्दीत गेले. ते खरं असेल तर माझी आजी सरकारदरबारी पहिल्यांदा गुन्हेगार म्हणून लिहिली गेली आणि नंतर रद्दी म्हणून विकली गेली.

पांथस्थ_७
नातू, लिहीत राहा.

गिरगावची_सुमा
माझे डोळे भरून आले. तुमच्या आजीला नमस्कार सांगितला असता.

जुनी_वही
नातू, तुमच्या पोस्टमुळे एक आठवलं. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली. त्यांच्या मागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने दुसऱ्याच वर्षी रामोशांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. पुढे कितीतरी वर्षं उमाजींबद्दल जे लिहिलं गेलं त्याचा पाया पकडणाऱ्याची वही. ती टाकून द्या असं मी म्हणणार नाही, ती मोलाचीच आहे. पण तिच्या शेजारी दुसरी वही ठेवायची राहिली.

शब्दप्रभू
एक सूचना. 'मूलनिवासी' हा शब्द आपल्याकडे वेगळ्या राजकीय अर्थाने वापरला जातो, जपून वापरावा. आणि तिकडे ते लोक स्वतःला आधी आपल्या समाजाच्या नावाने ओळखवतात: वुरुंजेरी, वोरिमी, गुंडिचमारा. इथे सगळ्यांनी तशी नावं घेतली हे फार आवडलं.

तर्कट
नातू, मला साहेब नका म्हणू. मी सकाळपासून तुमची पोस्ट चारदा वाचली. माझे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. अशी रजिस्टरं त्यांच्या हातची असू शकतील, हा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. मी ज्याला पुरावा म्हणत होतो तो कुणाच्या टेबलावर तयार व्हायचा ते आता दिसलं. माझं पहिलं वाक्य, सहानुभूती म्हणजे पुरावा नव्हे, ते मी मागे घेत नाही. पण तुमच्या आजीचं उभं राहणं हा पुरावा आहे. शिट्टीला उठणारं शरीर खोटं बोलत नाही.

तुमच्या घरात त्या काळचं कुणी आहे का अजून?

सेटलमेंटचा_नातू
आत्या आहे. पंच्याऐंशीची. कायदा गेला तेव्हा बारा वर्षांची असेल. कान चांगले आहेत. बोलते आमच्या कैकाडी बोलीत, मराठी पाहुण्यांपुरती.

मीरा_यारा
मंडळी, माझ्या प्रश्नाकडे परत येते, कारण काम जमा करायचा दिवस होऊन गेला.

शनिवारी आम्ही हील्सव्हिलला गेलो, या वेळी स्ट्रॉबेऱ्यांसाठी नाही. कोरँडर्कची दफनभूमी पाहिली. कुरण, गाई, लांबवर डोंगर. मुलाला जेवढं कळेल तेवढं सांगितलं: बॅरक तुझ्याएवढा होता तेव्हा आरसे आणि घोंगड्या देऊन जमीन घेतली, मग तो मोठा झाल्यावर पुन्हा पुन्हा चालत शहरात जाऊन सांगत राहिला. मारल्या गेलेल्यांचंही सांगितलं, आकडे न सांगता. तो रडला नाही, घाबरला नाही. त्याने विचारलं, 'मग ते थांबले का चालायचे?' मी सांगितलं, नाही. २०२२ मध्ये बॅरकने काढलेलं चित्र न्यूयॉर्कला लिलावात निघालं तेव्हा त्याच्या वुरुंजेरी लोकांनी पैसे उभे करून ते घरी आणलं, आणि गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, व्हिक्टोरिया सरकारने इथल्या मूळच्या लोकांशी खरा करार केला. बॅटमनच्या त्या कागदानंतर एकशे नव्वद वर्षांनी.

त्याने पानभर लिहिलं. शेवटी लिहिलं: 'माझ्या आईला हे माहीत नव्हतं. आता आहे.' बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. मला लाज वाटली नाही, बरं वाटलं.

कोरडवाहू
पोराला शाब्बास सांगा माझ्याकडून. माझ्या मुलीलाही असं काम मिळालं तर मी या वेळी तिच्याबरोबर बसेन.

सेटलमेंटचा_नातू
रविवारी आत्याकडे जातोय. फोनमध्ये आवाज घेणार आहे. इथल्या जाणत्यांनी सांगा, पहिला प्रश्न काय विचारू? कायद्याबद्दल विचारलं की ती गप्प होते.

जुनी_वही
कायद्याचं नाव काढू नका, सालही विचारू नका. तिच्याच बोलीत विचारा, मराठीत नको, लिहिताना मग मराठी करू. हजेरीला तुम्ही मुलं कुठे उभी राहायची, सावली होती का ऊन, शेजारी कोण असायचं, एवढंच विचारा आणि थांबा. मधे बोलू नका, ती गप्प झाली तरी. फोन आधी पूर्ण चार्ज करा आणि एक प्रत त्याच रात्री दुसरीकडे ठेवा.

तर्कट
लिहून काढायला मदत लागली तर मी आहे. टंकन माझ्याकडे द्या.

सेटलमेंटचा_नातू
जाऊन आलो. दोन तास सतरा मिनिटं झालं. ऊन होतं, म्हणाली. शेजारी उभ्या राहणाऱ्या सात पोरींची नावं सांगितली, सातही. तर्कट, पहिली अर्धी फाईल मराठी करून पाठवतो.